उरलेल्या गोळ्या आणि ढाक्याच्या डॉ. फिरदौसी कादरी



मागच्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या नणंदेचा फोन आला. तिच्या नातवाला दोन दिवसांपासून ताप होता. ‘‘भाभी, मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेल्या पाकिटातल्या चार गोळ्या उरल्यात. त्यातलीच अर्धी देऊ का? एवढ्या पावसात पोराला कुठे नेऊ?’’ मी विचारले, कसल्या गोळ्या आहेत? ती म्हणाली, ‘‘नाव फाटलंय. पण मागे लाल रेघ आहे.’’

‘‘लाल रेघ आहे ना, मग हात लावू नकोस,’’ मी म्हणाले. ‘‘पाणी पाजत राहा, अंग पुसून घे. सुस्त वाटला तर रात्रीच ने, नाहीतर सकाळी डॉक्टरांना दाखव.’’ फोन ठेवला आणि मलाच ओशाळल्यासारखे झाले. आमच्या फ्रिजवरही बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात अशीच तीन-चार अर्धवट पाकिटे पडलेली असतात. कधी लागतील म्हणून आपण जपून ठेवतो. फेकायला जीव होत नाही, कारण पैसे मोजलेले असतात.

त्या रात्री मला ढाक्याच्या एका शास्त्रज्ञ बाईंची आठवण झाली. या महिन्यात त्यांच्याविषयीच लिहायचे आहे. पण त्याआधी लाल रेघेचे बघू.

लाल रेघ म्हणजे काय?

पाकिटावरची उभी लाल रेघ सांगते, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. अँटिबायोटिक्सच्या, म्हणजे प्रतिजैविकांच्या पाकिटावर ती असते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिच्याविषयी खास मोहीमही चालवली होती. ही औषधे जिवाणूंवर चालतात. सर्दी, फ्लू आणि बहुतेक साधे ताप विषाणूंमुळे येतात, त्यांच्यावर या औषधांचा काहीही परिणाम होत नाही.

मग गरज नसताना घेतली तर बिघडते काय? आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. औषध पोटात गेले की त्यातले अनेक मरतात. ज्यांच्याकडे औषधाला तोंड द्यायची युक्ती असते ते उरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत वाढतात. शिवाय ही युक्ती जिवाणू एकमेकांना देऊ शकतात. शेजारीण शेजारणीला विरजण देते तशी एका जातीच्या जिवाणूकडून ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे जाते. म्हणजे आपल्या पोटात तयार झालेली ताकद उद्या गटारातून, पाण्यातून, हातातून दुसऱ्याच्या घरी पोहोचू शकते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला.

यावर उपाय म्हणून आपण नव्या औषधाची वाट पाहतो. डॉ. फिरदौसी कादरी यांनी आयुष्यभर दुसऱ्या बाजूने काम केले. मूल आजारीच पडले नाही तर औषध लागणार नाही, आणि जे औषध लागलेच नाही त्याच्याशी लढायला जिवाणू शिकणार नाही.

कॉलरा हॉस्पिटलमधल्या बाई

फिरदौसी कादरी यांचा जन्म १९५१ चा. बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. ढाका विद्यापीठातून त्यांनी जीवरसायनशास्त्रात १९७५ साली पदवी आणि १९७७ साली पदव्युत्तर पदवी घेतली. १९८० मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली आणि त्या मायदेशी परतल्या. १९८८ मध्ये त्या ढाक्याच्या महाखाली भागातल्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात रुजू झाल्या.

या केंद्राचे नाव मोठे आहे, पण ढाक्याच्या लोकांसाठी ते ‘कॉलरा हॉस्पिटल’च. १९६० मध्ये कॉलऱ्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा म्हणून ते सुरू झाले. आज तिथे वर्षाला लाखाहून जास्त रुग्ण येतात. साथीच्या दिवसांत खाटा कमी पडतात, तेव्हा बाहेर तंबू ठोकतात. तिथली खाटही वेगळी असते. मधोमध भोक असते आणि खाली बादली. अंगातून किती पाणी गेले हे बादलीत मोजायचे आणि तेवढे पुन्हा भरून काढायचे. कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो.

साखर, मीठ आणि पाण्याच्या ज्या जलसंजीवनीने आज कोट्यवधी मुले वाचतात, तिच्यावरचे पायाभूत काम १९६८ च्या सुमारास याच संस्थेत झाले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हजारो रुग्णांना ती पाजून जगवले. वेळेवर जलसंजीवनी आणि सलाईन मिळाले तर कॉलऱ्याचे शंभरातले नव्याण्णवहून अधिक रुग्ण वाचतात.

मग कादरी यांना आणखी काय शोधायचे होते? वाचलेले मूल त्याच वस्तीत परत जाते आणि तेच पाणी पिते. आज हा, उद्या त्याची बहीण. कॉलरा होऊन बऱ्या झालेल्या माणसाला तो पुढची काही वर्षे सहसा पुन्हा होत नाही. हे संरक्षण शरीर आतड्याच्या अस्तरात कसे तयार करते? ते किती दिवस टिकते? लस देऊन ते आधीच तयार करता येईल का? लहान मुलांमध्ये ते मोठ्यांपेक्षा कमी का असते? या प्रश्नांवर त्यांनी पुढची तीन दशके घालवली. रुग्णांचे रक्ताचे नमुने घ्यायचे, महिन्यांनी त्यांना घरी जाऊन पुन्हा भेटायचे, पुन्हा नमुने घ्यायचे. वर्षानुवर्षांचे काम, आणि त्याची बातमी होत नाही.

मीरपूरच्या गल्ल्यांत

कॉलऱ्याची तोंडाने घ्यायची लस आधीपासून होती, पण ती महाग होती आणि वेगळे द्रावण मिसळून द्यावी लागे. गरीब वस्तीत ती पोहोचणे कठीण. पुढे कोरियातील आंतरराष्ट्रीय लस संस्थेच्या मदतीने आपल्या हैदराबादच्या एका कंपनीने ‘शांकॉल’ ही स्वस्त लस बनवली. पण दाट वस्तीत, नेहमीच्या सरकारी लसीकरणाच्या पद्धतीने दिली तर ती उपयोगी पडेल का, हे कोणी तपासलेले नव्हते.

२०११ मध्ये कादरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढाक्याच्या मीरपूर भागात हे करून पाहिले. एका खोलीत पाच-सहा माणसे, एका नळावर अनेक घरे, अशी ही वस्ती. सुमारे २ लाख ६७ हजार लोक या अभ्यासात होते. त्यांचे तीन गट केले. एकाला लस दिली. दुसऱ्याला लस दिली आणि हात धुण्याची व पाणी शुद्ध करण्याची सोय व शिकवणही दिली. तिसरा गट तुलनेसाठी नेहमीसारखाच ठेवला. दोन वर्षांनी मोजले तेव्हा लसीच्या गटात अंगातले पाणी संपवणारा गंभीर कॉलरा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाला होता, लस आणि स्वच्छता दोन्ही मिळालेल्या गटात सुमारे ४५ टक्क्यांनी.

हे आकडे छोटे वाटतील. पण त्यात लस न घेतलेली माणसेही धरलेली आहेत. वस्तीतल्या साधारण दोन-तृतीयांश लोकांनीच लस घेतली होती, आणि हा फरक पूर्ण वस्तीत दिसला.

त्यानंतरचा प्रश्न व्यवहाराचा होता. जगात लसीचा साठा थोडा आणि साथी जास्त. दोनऐवजी एकच डोस दिला तर चालेल का? ढाक्यातच दोन लाखांहून अधिक लोकांवर हा अभ्यास झाला. गंभीर कॉलऱ्यापासून एका डोसने सहा महिन्यांत सुमारे ६३ टक्के संरक्षण मिळाले. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र त्याचा म्हणावा तसा फायदा दिसला नाही, आणि संशोधकांनी ही गोष्टही तितक्याच स्पष्टपणे छापली. ऑक्टोबर २०२२ मध्ये लसीचा तुटवडा पडला, तेव्हा साथीच्या ठिकाणी तात्पुरता एकच डोस द्यावा असे जागतिक पातळीवर ठरले. अशा निर्णयाला ज्या अभ्यासांचा आधार होता, त्यात ढाक्याचा हा अभ्यास होता.

२०१७ मध्ये म्यानमारमधून लाखो रोहिंग्या जीव मुठीत धरून कॉक्स बाजारला आले. डोंगर तोडून, प्लास्टिकच्या कागदाखाली माणसे राहत होती. शौचालये आणि पाण्याचे पंप अगदी शेजारी शेजारी. कॉलऱ्याला याहून सोयीची जागा नव्हती. ऑक्टोबरमध्ये तिथे लसीकरण सुरू झाले, त्यासाठी ९ लाख डोस आणले गेले होते. कादरी आणि त्यांचे सहकारी या कामात पुढे होते. ज्या मोठ्या साथीची भीती होती ती आली नाही. जे घडले नाही त्याचे फोटो निघत नाहीत. पण त्या छावणीतल्या किती आयांच्या मांडीवर आज मूल आहे, हे अल्लाहच जाणे.

टायफॉइड आणि संपत चाललेली औषधे

आता पुन्हा लाल रेघेकडे येऊ. कॉलऱ्यात मुख्य इलाज पाण्याचा, अँटिबायोटिक मदतीला. टायफॉइडचे तसे नाही. तिथे अँटिबायोटिक हाच इलाज, आणि तोच हातातून निसटतो आहे.

१९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइड बरा होतो हे दिसले, तेव्हा ती मोठी दिलाशाची गोष्ट होती. सत्तरच्या दशकात त्याला न जुमानणारे जिवाणू दिसू लागले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जुनी तिन्ही मुख्य औषधे निकामी करणारे जिवाणू आले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले, आपल्या उपखंडात तेही फिके पडले. मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शने. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात असा टायफॉइड पसरला ज्याच्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही चालेना. तपासले तेव्हा कळले, की या जिवाणूने ही ताकद दुसऱ्या एका जिवाणूकडून उसनी घेतली होती. मघाशी विरजणाचा दाखला दिला तो हाच. आता तोंडाने घ्यायच्या औषधांत अ‍ॅझिथ्रोमायसिन तेवढे उरले. आणि त्यालाही न जुमानणारे टायफॉइडचे जिवाणू ढाक्याच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये नोंदवले.

प्रत्येक वेळी आपण नव्या औषधाच्या मागे धावलो आणि जिवाणू आपल्या मागे धावला. कादरी यांचा रस्ता इथे उपयोगी पडला. २०१८ पासून मीरपूरमध्येच त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टायफॉइडच्या नव्या संयुग्म लसीचा अभ्यास केला. ९ महिने ते १६ वर्षांच्या आतली साठ हजारांहून अधिक मुले या अभ्यासात होती. २०२१ मध्ये निकाल आला, सुमारे ८५ टक्के संरक्षण. लसीला याच्याशी देणेघेणे नसते, की समोरचा जिवाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही. तो शरीरात ठाण मांडण्याआधीच त्याला अडवले जाते.

ही लसही हैदराबादेत बनते, आपल्या दख्खनच्या. २०१८ मध्ये तीच लस सिंधच्या हैदराबादेत साथ रोखण्यासाठी दिली गेली. औषधांना हरवणाऱ्या त्या टायफॉइडपासून तिने तिथे सुमारे ९७ टक्के संरक्षण दिले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. दोन हैदराबाद, मध्ये एवढी मोठी सरहद्द, आणि एका शहराची कुपी दुसऱ्या शहराच्या पोरांच्या दंडात. आजाराला व्हिसा लागत नाही, इलाजालाही लागू नये.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना हीच लस देण्याची मोहीम घेतली. पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. सरकारी यंत्रणेने अशी मोहीम चालवण्याची जगातली ती पहिली वेळ होती.

औषध ही अमानत आहे

डॉ. कादरी यांना २०२० मध्ये लॉरिआल-युनेस्कोचा महिला वैज्ञानिकांचा सन्मान मिळाला. २०२१ मध्ये, विनोबा भावे आणि बाबा आमटे यांना मिळालेला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा एका पुरस्काराचे त्यांनी काय केले हे जास्त आवडते. २०१२ मध्ये फ्रान्सच्या मेरियो प्रतिष्ठानाचा पुरस्कार मिळाला, त्या पैशातून त्यांनी ढाक्यात ‘आयदेशी’ नावाची संशोधन संस्था उभी केली. आपल्या देशातल्या मुला-मुलींनी नमुने बाटलीत भरून परदेशी न पाठवता ते स्वतः तपासायला शिकावे, हा त्यामागचा हेतू. ज्या घरात ‘मुलीने एवढे शिकून काय करायचे?’ असे आजही विचारले जाते, तिथे हा अंक उघडा ठेवा, एवढेच म्हणेन.

आपल्याला पैगंबर (स.) यांनी आजारावर दवा करण्याची शिकवण दिली आहे. दवा करणे जसे आपले कर्तव्य, तसे ती जपणेही. अँटिबायोटिक हे माझे पैसे देऊन घेतलेले औषध असले, तरी त्याचा असर सर्वांच्या मालकीचा आहे. मी तो वाया घालवला तर उद्या शेजारच्या अमिनाच्या किंवा अमितच्या टायफॉइडवर तो चालणार नाही. म्हणून ते इस्राफही आहे आणि अमानतीत खयानतही. शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो, त्यात आपला औषधांचा डबाही येतो असे मला वाटते.

म्हणून घरासाठी काही साध्या गोष्टी. अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहून दिले तरच, आणि सांगितले तितक्या वेळा व तितके दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या पुढच्या तापाला वापरू नयेत, शेजारणीला देऊ नयेत. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिले नाही तर ‘काहीतरी जोरदार द्या’ असा आग्रह धरू नये. टायफॉइडची शंका असेल तर रक्ततपासणीआधी घरच्या घरी अँटिबायोटिक देऊ नये. त्याने रक्तातला जिवाणू तपासणीत सापडत नाही आणि खरा आजार झाकला जातो. मुलांना जुलाब झाले तर आधी जलसंजीवनी, सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. त्यात अँटिबायोटिक क्वचितच लागते.

पाण्याकडेही बघा. दिवसातून पाच वेळा वुजू करतो म्हणून हात स्वच्छच आहेत असे समजू नका. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबण हवाच. रमजानमध्ये इफ्तारच्या शरबतात बाहेरचा बर्फ पडतो. तो कोणत्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही, आणि बर्फात टायफॉइडचा जिवाणू मरत नाही. घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ लावा. आणि मुलांच्या डॉक्टरांना टायफॉइडच्या लसीविषयी विचारा. सरकारी लसीकरणात ती सगळीकडे मिळत नाही, पण बालरोगतज्ज्ञांची संघटना ती देण्याची शिफारस करते.

नणंदेच्या नातवाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेले. तपासणीत टायफॉइड निघाला नाही. विषाणूचा ताप होता, तापाच्या साध्या औषधावर चौथ्या दिवशी उतरला. अल्हम्दुलिल्लाह. त्या चार गोळ्या दिल्या असत्या तरीही तो चौथ्याच दिवशी उतरला असता, आणि आम्ही सगळ्यांनी गोळ्यांचेच नाव घेतले असते. पुढच्या तापाला पुन्हा त्याच मागवल्या असत्या.

त्या आठवड्यात मी फ्रिजवरचा डबा खाली काढला. लाल रेघेची पाकिटे बाजूला केली. आता त्यात जलसंजीवनीच्या पुड्या, थर्मामीटर आणि मुलांची लसीकरणाची कार्डे आहेत. तुमच्या घरच्या डब्यात काय आहे, आज एकदा बघून घ्या.

खुदा हाफिज.